पायाकडची दोरी

आमच्याकडे स्कॉटलंडात माणूस गेला की रडण्याआधी दोऱ्यांचं बघावं लागतं. इम्रीच्या घराण्याने तीन पिढ्या गावाला मातीआड केलंय, त्यामुळे त्याला कशाचीच घाई नसते. तो माझ्या स्वयंपाकघरात टोपी मांडीवर ठेवून बसला, चहा संपवला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मिसेस पटुलो, दोऱ्या कोणाकोणाला द्यायच्या?"

शवपेटीला आठ दोऱ्या असतात. आठ जण त्या धरतात आणि पेटी हळूहळू खाली सोडतात. एक नंबरची दोरी डोक्याकडे, दोन नंबरची पायाकडे, बाकीच्या दोन्ही बाजूंना. गेलेल्या माणसाला कोण किती जवळचं होतं, हे त्यावरून गावाला कळतं. दोरी मिळाली नाही म्हणून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी घरं मला माहीत आहेत. आणि ती नुसती मानाचीही नसते. सगळा भार त्या आठ हातांवर येतो. एकाचा हात ढिला पडला की पेटी कलते. आमच्या जुन्या पोस्टमास्तरांच्या वेळी असंच झालं होतं, आणि 'मास्तरांना उभंच पुरलं' असं गाव अजून म्हणतं.

"डोक्याकडे ग्रेगर," मी सांगितलं. "पायाकडे डॉड."

ग्रेगर माझा एकुलता एक मुलगा, सुतारकाम करतो. डॉड हा सँडीचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, धाकटा भाऊ, जन्मभर जहाजांच्या गोदीत राबलेला. शाळेत तो माझ्याच वर्गात होता. मी सँडीशी लग्न केलं म्हणून त्याची वहिनी झाले, नाहीतर आम्ही दोघं एकमेकांची वेणी आणि कान ओढतच मोठे झालो.

ग्रेगर खिडकीशी उभा होता. तो वळलासुद्धा नाही. "डॉडकाका दोरी धरणार असतील तर मी धरणार नाही."

इम्री आपल्या टोपीकडे बघत बसला. असल्या घरात कुठे बघायचं हे त्याला चांगलं कळतं.

"तुला कोणी विचारलं नाहीये," मी म्हटलं. "तुझ्या बापाने सांगून ठेवलंय."

ते खरंच होतं. जायच्या आधी सँडी मला म्हणाला होता, "पायाकडे डॉड. बाबांच्या वेळी मी डोक्याकडे होतो, तो पायाकडे. आईच्या वेळीही तसंच. आता मी नाही, तर निदान तो तरी त्याच्या जागी असू दे." सँडीने आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलं नाही. हे एक मागितलं, आणि तेवढंही माझ्याच्याने होतंय की नाही, अशी वेळ आली होती.

मंगळवारी माती होती आणि गुरुवारी मतदान. स्कॉटलंडने इंग्लंडपासून वेगळं व्हायचं की नाही, एवढाच प्रश्न, पण त्या उन्हाळ्यात आमच्या गावात दुसरं काही शिजतच नव्हतं. माणसं होयवाली झाली होती, नाहीतर नकोवाली. खाटकाच्या काचेवर 'होय', समोरच्या बेकरीवर 'नको'. सॉसेज रोल दोघंही करतात, त्यामुळे साधा रोल आणायला गेलं तरी लोक आपली पिशवी बघायचे. ग्रेगरच्या गाडीवर निळं 'होय' आणि कोटावर तसलाच बिल्ला. डॉडचं घर आमच्या अगदी समोर, त्याच्या खिडकीत 'नको, धन्यवाद'. सकाळी पडदा उघडला की मला ते आभार आधी दिसायचे आणि मग सूर्य.

दोघांचं फाटलं ते जूनमधल्या एका रविवारी, माझ्याच टेबलावर. सँडीला तेव्हा जिना चढवत नव्हता, पण रविवारचा खिमा-बटाटा सगळ्यांबरोबर बसूनच खायचा असा त्याचा हट्ट. सुरुवात डॉडने केली.

"उद्या पौंड गेला तर माझं पेन्शन कशात देणार रे? शिंपल्यांत?"

"पौंड कुठे जातोय, काका? तो काय एकट्या लंडनच्या बापाचा आहे? नॉर्वे जगतंय, डेन्मार्क जगतंय, आपल्यालाच काय धाड भरलीय?"

"नॉर्वेने तेलाचा पैसा राखला. आपण उडवला."

"आपण नाही, त्यांनी उडवला! तेच तर बोंबलून सांगतोय मी. दर निवडणुकीला आपण मत देतो एकाला आणि डोक्यावर येऊन बसतो दुसराच. त्यांचे अणुबॉम्ब आपल्या खाडीत आणि निर्णय त्यांच्या दिवाणखान्यात. आपलं घर आपण चालवायचं म्हटलं तर एवढं काय चुकलं?"

"घर चालवायला आधी चूल पेटावी लागते. परक्या देशाच्या गोदीत युद्धनौका बांधायला कोण देईल? तू देशील?"

"नौका सोडून दुसरं काही बांधता येत नाही का आपल्याला?"

"दारं-खिडक्या बांध तू." डॉडने काटा खाली ठेवला. "हे बघ पोरा, माझी पोरगी एल्स्पेथ इंग्लंडात, संडरलंडला दिलीय. माझ्या नाती तिथे जन्मल्या. गुरुवारी झोपताना माझ्या आणि शुक्रवारी उठताना परदेशी? आणि तिकडचाच न्यूकॅसलचा वेल्डर आणि मी एका संपात उपाशी राहिलोय, त्याच्या बायकोने पाठवलेल्या पिठावर आमच्या घरात पाव झालाय. इथल्या डोंगरातल्या जमीनदारापेक्षा तो माझा जास्त जवळचा. त्याला टाकून मी कुठे जाऊ?"

माझ्या मुलाकडे उत्तर नसलं की तो चावतो, लहानपणापासून. "तुमचं मत गोदीने कधीच विकत घेतलंय," तो म्हणाला. "जन्मभर लंडनपुढे हात पसरले, आता ते मिटताच येत नाहीत तुम्हाला."

डॉड उठला. दोन्ही हात खिशात घातले. "तुझा बाप समोर बसलाय म्हणून," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. सँडी ताटाकडे बघून म्हणाला, "खिमा गार होतोय." तो होयवाला की नकोवाला, हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. मला म्हणायचा, "जे बघायला मी असणार नाही, त्यावर मी कशाला बोलू?" आता तो गेल्यावर ग्रेगर गावभर सांगत होता की बाबा होय म्हणणार होते, आणि डॉड सांगत होता की सँडीचं नकोच ठरलं होतं. मेलेल्याच्या मतावर दोघांचा हक्क. मी जिवंत होते, मलाही मत होतं, पण मला विचारायला कोणी फिरकलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी खिडकीतून हात करून डॉडला बोलावून घेतलं. आधी तो बाहेरच्या खोलीत पेटीजवळ उभा राहिला, मग स्वयंपाकघरात आला. मी चहा ठेवला. बोलायला तोंड उघडते तोवर मागच्या दाराने ग्रेगर आत आला. अंगात उद्याचा काळा कोट, आणि कोटावर बिल्ला.

"नेटा," डॉड मला म्हणाला, "तुझ्या मुलाला सांग, मातीला असलं लावून येत नसतात."

"आई, त्यांना सांग, बाबांनी बघितला होता हा बिल्ला. काढ म्हणाले नाहीत."

"नेटा, त्याला सांग, त्याच्या बापाला भांडण नको असायचं म्हणून."

"आई, त्यांना सांग..."

"मी काय पोस्टाची पेटी आहे का?" मी ओरडले. "शेजारच्या खोलीत तो पडलाय, त्याची तरी लाज बाळगा! डॉड, उद्या पायाकडची दोरी तुझी. सँडीचा शब्द आहे."

डॉडने कप उचलला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. "हा बिल्ला असेल तिथे मी दोरी धरणार नाही," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी कप फरशीवर फुटला. चहा ग्रेगरच्या बुटांवर उडाला.

"वा!" ग्रेगर म्हणाला. "बाबा पलीकडे पडलेत आणि तुम्ही कप फेकता? बरं झालं. नकाच धरू दोरी. तुमच्यासारख्यांनी धरूच नये." दार आपटून तो गेला. मी नाही फेकला, एवढंही डॉड म्हणाला नाही.

मी तुकडे गोळा करायला खाली वाकले तेव्हा त्याचे हात माझ्या डोळ्यांसमोर आले. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. तो पटकन ती खिशात घालायला लागला.

"दाखव," मी म्हटलं.

"काही नाही."

"डॉड पटुलो, सहा वर्षांचा असताना तू खिशात बेडूक लपवलास तेव्हाही 'काही नाही'च म्हणाला होतास. दाखव."

त्याने हात टेबलावर ठेवले. चाळीस वर्षं गोदीत पोलाद घासायचं यंत्र त्याने त्या हातांत धरलं होतं, दिवसभर हादरणारं. तिथल्या निम्म्या म्हाताऱ्यांची अशी गत आहे, 'पांढरी बोटं' म्हणतात त्याला. गार लागलं की बोटांतलं रक्तच आटतं. "कप हातात आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळत नाही मला," तो म्हणाला. "शर्टाची बटणंसुद्धा शेजारीण लावून देते. आणि त्या टेकडीवरचा वारा तुला माहितेय. सँडी माझ्या हातून सुटेल, नेटा. सगळ्या गावासमोर सुटेल."

"मग हे ग्रेगरला सांग ना! बिल्ल्याचं कशाला पुढे करतोस?"

"काय सांगू त्याला? तू म्हणालास ते खरं निघालं, गोदीने हात खाल्ले? तो हसेल."

"तो हसणार नाही."

"मतावरून आला नाही म्हटलं तर गाव चार दिवस बोलेल आणि विसरेल. हातात जोर नाही म्हणून सख्ख्या भावाला खाली सोडलं नाही, हे मला नाही ऐकवणार. शब्द दे, त्याला सांगणार नाहीस."

दिला मी शब्द. काय करणार? समोर म्हातारा रडत होता, आणि तो माझ्या वर्गातला होता.

मंगळवारी पाऊस नव्हता, पण वारा होता. आमची दफनभूमी टेकडीवर आहे, खाली फोर्थची खाडी, आणि पाण्यावरून येणारा वारा हाडात शिरतो. माझ्या आईच्या काळात बायका कबरीपर्यंत येतच नसत. त्या घरी बसून सँडविच करायच्या. मी मात्र पुढे, पेटीच्या शेजारीच उभी राहिले. पाद्रीबाईंनी प्रार्थना आटोपती घेतली. त्यांचं पुस्तक वाऱ्याने मिटत होतं.

इम्री एकेकाला पुढे बोलवायला लागला. "एक नंबर, मिस्टर ग्रेगर पटुलो." ग्रेगर डोक्याकडे जाऊन उभा राहिला. बिल्ला होताच. "दोन नंबर, मिस्टर डॉड पटुलो."

कोणी हललं नाही.

डॉड मागे, भिंतीपाशी उभा होता. ओव्हरकोटच्या खिशात दोन्ही हात. इम्रीने पुन्हा नाव घेतलं, जरा मोठ्याने. डॉड जमिनीकडे बघत राहिला. मग कुजबुज सुरू झाली. आमच्या गावात कुजबुज हळू करायची पद्धत नाही. "मतावरून," कोणीतरी म्हणालं. "भावाच्या मातीलासुद्धा?" खाटीक शेजाऱ्याला म्हणाला, "बघून ठेवा, हे नकोवाले." बेकरीवाली तिथल्या तिथे फणकारली, "त्या पोराचा बिल्ला बघितलात का आधी?" माझा नवरा पेटीत आणि हे दोघं त्याच्या उशाशी दुकान मांडून बसले होते. मला वाटलं आता इथेच मारामारी होणार, सँडीच्या अंगावर.

तेवढ्यात ग्रेगर बोलला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "राहू द्या, मिस्टर इम्री. त्यांना बाबांपेक्षा लंडन जवळचं आहे."

डॉडने ते ऐकलं. त्याचा चेहरा मी बघितला. तरी त्याने सगळं अंगावर घेतलं, आणि मला शब्दाचं काही वाटेनासं झालं. शब्द पाळायला मी काही देवदूत नाही. मी ग्रेगरजवळ गेले आणि त्याचा कान लहानपणी धरायचे तसा धरून खाली ओढला.

"काल त्याने कप फेकला नव्हता," मी म्हटलं. "हातातून सुटला. त्याच्या बोटांत जीव नाहीये. गोदीतल्या यंत्राने घालवलाय. तुझा बाप हातून पडेल या भीतीने तो तिथे उभा आहे, आणि तू हसशील म्हणून बोलत नाही. आता हस."

ग्रेगर हसला नाही. त्याचं तोंड उघडं राहिलं, अगदी सँडीसारखं. जूनमध्ये आपण काय बोललो होतो ते त्याला आठवलं असणार, कारण त्याची मान लाल झाली. मग त्याने दोरी माझ्या हातात दिली आणि दगडांमधून वाट काढत भिंतीकडे निघाला.

लोक बाजूला झाले. आता हा काकावर हात उगारतो की काय, असं सगळ्यांनाच वाटत होतं. खाटकाने तर बाह्या सरसावल्या. माझ्या मुलाची मलाही खात्री नव्हती.

तो डॉडसमोर उभा राहिला. "काका, हात दाखवा."

"जा इथून. बाप खोळंबलाय तुझा."

"हात."

डॉडने माझ्याकडे बघितलं, असं काही बघितलं की ते मला मरेपर्यंत पुरेल. मग खिशातून एक हात काढला. ग्रेगरने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागला. जोरात, लाकूड घासावं तसा. वाऱ्यामुळे पुढचं मला तुटक तुटक ऐकू आलं.

"चला. मी मागे उभा राहतो. तुमच्या हातांवरून माझे हात."

"सुटला तर?"

"तर दोघांच्या हातून सुटेल."

"तो बिल्ला माझ्या पाठीत टोचेल," डॉड म्हणाला.

"टोचू दे," ग्रेगर म्हणाला. "मी काढणार नाही."

"मीही मत बदलणार नाही."

"माहितेय. चला."

ते दोघं पायाकडे येऊन उभे राहिले. म्हातारा पुढे, ग्रेगर त्याला पाठीमागून कवेत घेऊन. इम्री माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मिसेस पटुलो, दोरी एकाचीच असते. आणि डोक्याकडची मुलाने..."

"डोक्याकडची माझ्या हातात आहे," मी म्हटलं. "तीन पिढ्या तुम्ही एकच रीत केलीत. आज दुसरी केलीत तर आभाळ कोसळणार नाही. चला, म्हणा तुमचं ते."

इम्रीने टोपी काढली. "भार घ्या," तो म्हणाला.

दोरी ताणली गेली आणि माझ्या खांद्यातून कळ आली. सँडी जड होता. आजाराने अर्धा झाला होता तरी जड होता. इम्रीच्या माणसांनी पेटीखाली कबरीवर आडव्या टाकलेल्या फळ्या काढून घेतल्या. "सोडत चला, हळू." मी पेटीच्या लांबीवरून पलीकडे बघत होते. डॉडचे डोळे पेटीच्या त्या टोकावर खिळले होते, ओठ हलत होते. ग्रेगर त्याच्या खांद्यावरून बघत होता आणि कानाशी सांगत होता, "थोडी. अजून थोडी. थांबा. आता." एकदा पायाकडचं टोक जरासं खाली गेलं आणि सगळ्यांच्या तोंडून 'अरे!' निघालं. ग्रेगरच्या मनगटावरच्या शिरा वर आल्या. टोक थांबलं. मी माझी दोरी थोडी सोडली, पेटी पुन्हा सरळ झाली आणि सरळच खाली गेली. तळाला लागल्याचं मला हातालाच कळलं, कारण भार एकदम गेला. तेव्हा कुठे मला रडू आलं.

"दोऱ्या टाका," इम्री म्हणाला.

सात दोऱ्या पेटीवर पडल्या. आठवी पडली नाही. पायाकडून ती वर डॉडच्या मुठीपर्यंत तशीच गेलेली होती.

"काका, झालं," ग्रेगर म्हणाला. "टेकले बाबा. सोडा आता."

"सोडतोय."

"नाही, अजून तुमच्या हातात आहे."

"सोडतोय रे, पोरा," डॉड म्हणाला. "कधीची सोडलीय मी. हाताला कळत नाहीये."

थंडीने त्याची बोटं दोरीभोवती मिटून बसली होती. हातून सुटेल म्हणून रात्रभर झोपला नव्हता माणूस, आणि आता त्याच्याच्याने सोडवत नव्हतं. ग्रेगर पाठीमागून त्याच्यासमोर आला, कबरीच्या कडेला ओल्या मातीत गुडघ्यावर बसला, आणि करंगळीपासून एकेक बोट उलगडायला लागला. माझा एवढा मोठा मुलगा हुंदके देत होता आणि ते लपवायचंही त्याला सुचत नव्हतं. करंगळी सुटली. तिच्या शेजारचं सुटलं. मग तो थांबला.

"अजून थोडा वेळ धरायचीय, काका?" त्याने विचारलं.

डॉडने मान हलवली, हो म्हणून.

इम्रीने खिशातून घड्याळ काढून बघितलं. मी इम्रीकडे बघितलं. त्याने घड्याळ परत खिशात टाकलं.